डाव्या बाजूची जागा

"सोमनाथला नको म्हणणाऱ्यानं आधी फुटबॉलला नीट लाथ मारून दाखवावी!" सुभाषनं टेबलावर हात आपटला तसे चहाचे कप नाचले.

"मी रोज मारते," मोहिनी म्हणाली. ती हायस्कूलला खेळ शिकवायची. "आणि मी क्वामेच म्हणते."

कळंबच्या चाहता मंडळाची सतरा माणसं सुभाषच्या कांदा चाळीच्या सावलीत बसली होती. पुण्याच्या सह्याद्री एफसीला दहा वर्षं झाली, म्हणून क्लब आजवरच्या खेळाडूंतले सर्वोत्तम अकरा निवडत होता. दहा जागा भरल्या होत्या. डाव्या बाजूच्या जागेला सोमनाथ आणि परदेशातून आलेला क्वामे यांना ऑनलाइन सारखीच मतं पडली. सोमनाथ इथलाच, बोरी बुद्रुकचा, म्हणून शेवटचं मत क्लबनं कळंबच्या मंडळाला दिलं. पाचच्या आत नाव कळवायचं. आणि हे लोक आठ विरुद्ध आठ करून बसले होते. सतरावे गेणभाऊ. ते दोन्हीकडून बोलत होते.

सुभाषचं डोकं भणभणत होतं. मेंढपाळाचं पोरगं, आपल्या मातीतलं, क्लबचा कॅप्टन झालं. त्याची एकेक मॅच बघायला सुभाष मोटरसायकलवर पुण्याला गेला होता. आणि त्याला मागं ओढणारे कोण? आपलेच! परका गोल करतो तेव्हा यांना खेळ दिसतो, घरचा करतो तेव्हा नशीब.

"अरे, भांडता कशाला?" गेणभाऊ म्हणाले. "सोमनाथचा भाऊ मेंढरं घेऊन तुझ्याच रानात बसलाय की. त्याला बोलवा. तो म्हणंल तिकडं माझं मत."

सुभाष खूश झाला. कांदा निघालेल्या रानात खतासाठी त्यानं राघूची मेंढरं बसवली होती, ती काय उगीच? सोमनाथचा भाऊ म्हणूनच त्याला शोधून आणला होता.

राघू लंगडत आला. तिशीच्या आतला, पण दाढीनं चेहरा झाकलेला. गुडघा एडक्याच्या धडकेनं गेला, असं तो सांगायचा. तो खुर्चीवर न बसता भुईवर बसला.

"सांग राघू, डाव्या बाजूला सोमनाथ का क्वामे?"

"कोनता सोमनाथ?" राघूनं विचारलं.

"सोमनाथ काय पन्नास आहेत का?"

"पयल्या दोन सालांतला, का मागल्या चार सालांतला? पयला असंल तर घ्या. मागल्याचं काय खरं न्हाई."

मोहिनी हसली. सुभाष उसळला. "मागल्याचं खरं नाही? गुडघा फुटून सहा महिने घरी बसला, आणि परत येऊन उजव्या पायानं चाळीस गोल केले! पहिल्या दोन वर्षांत किती? एकोणीस!"

"मोजून काय व्हतंय? मागला नुसता पळतो. मोकळं दिसलं की पळ. पयला थांबायचा. समोरच्या बॅकला अंगावर येऊ द्यायचा, आन मग डाव्या पायानं चेंडू आतून काढायचा. मुंबईच्या मॅचला तसाच काढून तर गोल केला. त्यो बॅक झुकायच्या आदी जीभ चावायचा. तेवढं बघितलं की झालं."

तो गोल सुभाषला अजून पाठ होता. नको असताना डोळ्यांपुढं आला.

"जीभ चावलेली तुला टीव्हीवर दिसली होय?"

राघू पायाजवळचं कांद्याचं साल चुरगाळत राहिला.

"झालं तर मग," मोहिनी म्हणाली. "सख्खा भाऊ नको म्हणतोय. गेणभाऊ, क्वामे लिहू ना?"

"थांब!" सुभाष ओरडला, आणि राघूकडं वळला. "जळतोस ना त्याच्यावर? तो गाडीतनं फिरतो आणि तू लेंड्या तुडवतोस, म्हणून! शाळेत गेला असतास तर तूही झाला असतास कुणीतरी."

"गेल्तो की," राघू शांतपणे म्हणाला. "आमी दोगं दिसाया सारकं. एक भाऊ मेंढरामागं, एक शाळंत. म्हैन्याला बदली. हजेरीत नाव तेवढं एकच."

"म्हणजे अर्धा दाखला तुझा!" गेणभाऊ म्हणाले आणि सगळी चाळ हसली. राघू हसला नाही.

"गुर्जी काय म्हनलं न्हाईत," तो म्हणाला. "पट भरला की त्यांचं भागायचं."

"पुरे झाली तुझी गोष्ट," सुभाष म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "एकच विचारतो. सोमनाथचं नाव पाठवू का नको? हो म्हण, नाहीतर आत्ताच्या आत्ता मेंढरांचा वाडा उठव. त्याला नावं ठेवणाऱ्याची मेंढरं माझ्या रानात बसणार नाहीत."

राघूचा चेहरा पहिल्यांदा तापला. "मग उठवतो! पर खोटं बोलनार न्हाई. नाव पाठवायचं तर फुडं लिवा, पयली दोन सालं. मागला त्या जागंला लायक न्हाई."

बोअरच्या नळावर पाणी भरणाऱ्या त्याच्या आईनं, सरुबाईनं, हे ऐकलं. कळशी तिथंच आदळून ती तरातरा आली. मंडळातल्या कुणाकडं तिनं बघितलंही नाही. मुलाच्या पुढ्यात उभी राहिली.

"तुजा गुडगा मोडला तवा राघूच तुज्या नावानं खेळाया गेला, चार वर्सं घर जगवलं," ती म्हणाली, "आन चार मानसांत त्यालाच नावं ठेवतूस व्हय रं, सोमनाथ?"