एमेटच्या वाटचं मत

“सूप निवतंय,” केसलर म्हणाला.

हार्लन टोबिननं चमच्याला हात लावला नाही. सिनेटच्या भोजनगृहात घेवड्याचं सूप रोज असतं आणि एकोणतीस वर्षं तो ते आवडीनं पीत आला होता.

ड्वाइट केसलर हा त्याच्या पक्षाचा सभागृहातला नेता. वयानं पंधरा वर्षांनी लहान, पण तोरा सासऱ्याचा.

“आडपडदा ठेवत नाही,” तो म्हणाला. “तीन वाजता मतदान. ठराव आपला. सिनेटला विचारल्याशिवाय अध्यक्षांनी इराणशी अणुकरार करायचा नाही. त्यावर दुसरी सही तुझी. आणि तूच मत देणार नाहीस?”

“एमेटला शब्द दिलाय.”

एमेट क्रोली विरुद्ध पक्षाचा, अध्यक्षांच्या बाजूचा. यकृताच्या कॅन्सरनं दोन महिने घरी अंथरुणाला खिळलेला. सिनेटमध्ये एक जुनी रीत आहे. समोरच्या बाकावरचा मित्र आजारी पडला, तर आपणही मत राखून ठेवायचं, म्हणजे त्याच्या गैरहजेरीचा फायदा कुणाला मिळत नाही. नियमात हे कुठं लिहिलेलं नाही. सारा मामला शब्दाचा, आणि तोही आजारी माणूस जिवंत असेतोवरच. गेल्या आठवड्यात एमेटनं टोबिनचं मनगट धरून तेवढंच मागितलं होतं.

“तू मत दिलंस तर पन्नास विरुद्ध एकोणपन्नास,” केसलर म्हणाला. “तू गप्प बसलास तर बरोबरी. बरोबरी म्हणजे ठराव आपटला.”

“मलाही मोजता येतं.”

“ठराव झाला तर जिनिव्हातल्या बोलण्यांतून उठून जाऊ म्हणतायत इराणी. जाऊ देत की! बोलणी मोडली तर आपली जहाजं तिथं उभीच आहेत. तुझा नातूसुद्धा आहे ना त्यातल्या एकावर? त्याच्या डोक्यावर बॉम्ब तयार होऊ द्यायचा?”

टोबिनचा हात आपोआप कोटाच्या खिशाकडे गेला. तिथं वेसचा फोटो असायचा, नव्या गणवेशातला, कान जरा जास्तच बाहेर आलेला. “वेसला यात ओढू नकोस, ड्वाइट.”

“नोव्हेंबरात निवडणूक आहे. तुझे लोक सोलून काढतील तुला.”

“ठरावाविरुद्ध हात वर केला असता, तर काढलं असतं. मरणाऱ्या मित्राला दिलेला शब्द पाळला, म्हणून आमच्याकडे कुणी कुणाला पाडत नाही.”

केसलरनं पाव मोडला आणि तसाच ठेवला. “शुद्धीवर तरी आहे का तो?”

“सकाळी तासभर उशाशी बसून आलो. शांत पडलाय. कण्हणं थांबलंय.”

“काय म्हणाला?”

“मीच बोललो. म्हटलं, काळजी करू नकोस, मी मत देत नाही.”

केसलर असा तसा ऐकणारा नव्हे. त्यानं तिथल्या तिथं एमेटच्या घरी फोन लावला आणि टोबिनला ऐकू जाईल असा मधोमध ठेवला. एमेटच्या बायकोनं, अडेलनं, उचलला.

“ड्वाइट केसलर बोलतोय. एमेटशी दोन शब्द बोलायचे होते.”

“त्यांना नाही बोलता येणार. सकाळपासून डोळे उघडले नाहीत.”

“मग नर्सला द्या.”

“या बर्फात? तिला येऊ नको म्हणून मीच कळवलंय.”

“इथल्या डॉक्टरांना पाठवतो ना, गाडीत घालून.”

“मिस्टर केसलर,” अडेल शांतपणे म्हणाली, “दोन महिन्यांत एकदा तरी फोन केलात? आज तीनच्या आत बरी आठवण झाली.” आणि तिनं फोन ठेवला.

केसलरचे कान लाल झाले. पण मरणाऱ्याच्या दारात डॉक्टर घुसवला ही बातमी सहा वाजता घराघरांत दिसली असती, हे त्याला बरोबर कळत होतं. तो उठला. जाताना म्हणाला, “तू म्हातारा झालास, हार्लन.”

तीन वाजता नावं पुकारायला सुरुवात झाली. टोबिनचं नाव आलं तसा तो बाकाचा आधार घेऊन उभा राहिला. अशा वेळी म्हणायची वाक्यं ठरलेली असतात.

“सिनेटर क्रोली यांच्याशी माझा करार आहे,” तो म्हणाला. “ते इथं असते, तर ‘नाही’ म्हणाले असते. मला मोकळीक असती, तर मी...” इथं त्याची नजर एमेटच्या रिकाम्या बाकाकडे गेली. गॅलरीतल्या दोघीतिघींनी डोळे पुसले. “तर मी ‘होय’ म्हटलं असतं. मी माझं मत राखून ठेवतो.”

एकोणपन्नास, एकोणपन्नास. ठराव पडला. पक्षातलं कुणी त्याच्याशी बोललं नाही. विरुद्ध पक्षातल्या एका तरुण बाईनं मात्र बाहेर येऊन त्याचा हात हातात घेतला आणि ती म्हणाली, “अशी माणसं आता राहिली नाहीत, सर.” त्यानं मान खाली घातली. त्याला मनापासून लाज वाटली.

एमेटचं घर चार गल्ल्यांवर. बर्फातून तो चालतच गेला. अडेलनं साखळी काढून दार उघडलं. ती घरातच ओव्हरकोट घालून, हातमोजे चढवून होती. दोघं जिना चढले. वरच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या, खाली गालिच्यावर बर्फाची भुकटी साठली होती. एमेट पलंगावर उताणा होता. सकाळी टोबिननं हनुवटीपर्यंत ओढून दिलेलं पांघरूण तसंच होतं.

“झालं?” अडेलनं विचारलं.

“झालं. पडला ठराव. बोलणी चालू राहतील.” टोबिन खुर्चीत बसला. खिशातला फोटो काढून त्यानं पांघरुणावर, एमेटच्या हातापाशी ठेवला. “वेस एप्रिलात घरी येईल.”

अडेलनं एकेक करून खिडक्या लावल्या, हातमोजे काढले आणि टेबलावरचा फोन उचलला.

“डॉक्टरांना कळवते आता,” ती म्हणाली. “किती वाजता गेले म्हणून सांगू?”