हिरवं कार्ड

“ताई, इथे नापास झालं तर घरी पत्र पाठवतात का?”

कॉलेज दाखवायला आलेली दुसऱ्या वर्षाची ताई चालता चालता थांबलीच. हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती आणि भोंगा पैज हरणाऱ्यांतली नव्हती. गेल्या वर्षापर्यंत वर्गात ‘हजर’ म्हणतानाही जिची जीभ अडखळायची, तिला आता सगळे भोंगा म्हणत. तिला ते बक्षिसासारखं वाटे.

“पाठवतात ना, लाल शाईत,” ताई हसली. “आत्तापासूनच नापास व्हायची तयारी?”

“माहिती असलेली बरी.”

बाबा खो खो हसले. आईचा चेहरा मात्र पडला. “बघा,” ती बाबांना म्हणाली. “पत्र येणार घरी. नसती शोभा.”

गेटवर रखवालदारानं तीन कार्डं दिली होती. हिरवं प्रवेश घेणाऱ्यासाठी, दोन पांढरी सोबतच्यांसाठी. आईनं हिरवं उचललं आणि भोंग्याच्या गळ्यात अडकवून टाकलं. भोंगा तोंड उघडणार, तोच आईनं तिचा हात असा दाबला की बोलतीच बंद.

हे चौथं कॉलेज. पहिलं आईला लांब वाटलं. दुसऱ्यात जिने फार. तिसऱ्यातली पोरं म्हणे ‘फारच टापटीप’. आज अर्जाची शेवटची तारीख होती, खिडकी चारला बंद होणार होती, आणि भोंग्याच्या डोक्यावर आता कुणी पातेलं ठेवलं असतं तर पाणी उकळलं असतं.

“ही आपली कार्यशाळा,” ताईनं दार ढकललं.

लांबच लांब टेबलं, तीस शिलाई मशीनं, आणि ओळीनं उभे बिनडोक्याचे पुतळे. त्यांच्या अंगावर टाचण्यांनी अडकवलेले अर्धेमुर्धे कोट. एकाला तर एकच बाही होती.

“कसलं भारी!” भोंगा ओरडली आणि आईकडे वळली.

आई एका मशीनपाशी वाकली होती. “दोऱ्याला ताण जास्त झालाय,” ती पुटपुटली आणि वरचा स्क्रू किंचित सैल केला.

ताईनं चिंधी घालून मशीन चालवलं. “अहो काकू! सकाळपासून हे टाके सोडत होतं.”

“घरी शिवते ना मी. गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे माझ्याकडेच असतात.” आईनं हात पदराला पुसले. “त्यासाठी कॉलेज कशाला लागतंय?”

“आई, आपण घरी पायजमे शिवतो. इथे स्वतःच्या डोक्यातला कपडा कागदावर कसा उतरवायचा ते शिकवतात!”

“मोठी आलीस शहाणी.”

भोंग्यानं दात-ओठ खाल्ले.

“बारावीला किती?” ताईनं विषय बदलला.

“अडुसष्ट,” भोंगा म्हणाली.

आईनं मान खाली घातली.

“त्या वर्षी घरात आजारपण होतं,” बाबा घाईघाईनं म्हणाले. “नाहीतर ऐंशीच्या खाली बातच नव्हती.”

“अडुसष्टला मिळतो इथे प्रवेश,” ताई म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. “अजून शाळेचेच बूट? मी तर निकालाच्या दिवशीच फेकले.”

“मजबूत आहेत,” भोंगा म्हणाली आणि पाय मागे घेतले.

बाहेरच्या व्हरांड्यात आईनं पुन्हा सुरू केलं.

“दोन बस बदलाव्या लागतील.”

“बदलायच्या.”

“सकाळी सातला घर सोडायचं. मागे घरचं कोण बघणार?”

“बाबा आहेत की.”

“त्यांना चहासुद्धा येत नाही.”

“येतो,” बाबा म्हणाले. “साखर कुठे असते तेवढं सांगा.”

आईला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. एका वर्गातून मुलांचा मोठा हशा ऐकू आला तशी ती दचकली. “आणि एवढ्या हुशार मुलांत निभाव लागेल का?” ती अगदी हळू म्हणाली. “हसतील सगळे.”

भोंग्याला रागानं रडूच फुटायचं बाकी होतं. “मग फाइलीतल्या त्या तीन वह्या काय रद्दीत घालायला भरल्यात? पानापानावर चित्रं आहेत! बटणंसुद्धा मोजून काढलीत!”

आईनं काखेतली फाइल आणखी घट्ट धरली.

“चला, चारला दहा कमी आहेत,” बाबा म्हणाले.

खिडकीतल्या कारकुनानं अर्जावरून घाईघाईनं नजर फिरवली. सगळे रकाने भोंग्यानं काल रात्रीच भरले होते, एकही खाडाखोड न करता.

“अक्षर छान आहे,” तो म्हणाला. “अर्जदाराची सही तेवढी राहिलीय.” त्यानं हिरव्या कार्डाकडे बघत पेन भोंग्यापुढे सरकवलं.

“आज राहू दे,” आई म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू.”

“गेल्या वर्षीही हेच ठरलं होतं,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे. आज चढला.

“लवकर काय ते सांगा,” कारकुनानं शटरला हात घातला. मागची रांग चुळबुळायला लागली. कुणीतरी म्हणालं, “अहो, पोरीला घेऊ द्या की प्रवेश!”

भोंग्यानं पेन उचललं.

“मी ठरवलंय,” ती रांगेच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. तिनं हिरवं कार्ड स्वतःच्या गळ्यातून काढलं, आईच्या गळ्यात घातलं आणि पेन तिच्या हातात दिलं. “बाबा, चहा उद्यापासून तुमच्याकडे. आणि आई, तू सही कर. नापास झालीस तर मी शाळेतून आले की ते पत्र मीच उघडणार आहे.”