सुटं पुस्तक

"सहावीचं विज्ञान द्या भाऊ. एकच पायजे." धुरपता दुकानाच्या पायरीवर उभी होती. धानाच्या रोवणीचा चिखल तिच्या पायांवर वाळला होता. "बकरीनं अर्धं खाल्लं. नातीन कालपासून रडून रायली."

"आता शाळेतूनच घ्या लागते," भैय्यालाल म्हणाला.

"गेली होती ना शाळेत. सुटं नाही देत म्हणते. आठ पुस्तकांचा पुरा सेट घ्या म्हणते. सात तं घरी आहेत माह्या."

"माह्यापाशी नाही."

धुरपतानं मान वाकडी करून त्याच्या पाठीमागं पाहिलं. छतापर्यंत सेट रचलेले होते. प्रत्येकावर प्लास्टिक होतं आणि त्यातून सगळ्यात वरचं पुस्तक दिसत होतं. सहावीच्या सेटवर विज्ञानच होतं.

"ते काय मंग?"

"ते माह्ये नाही."

"दुकान तं तुमचं आहे."

"दुकान भाड्यानं देल्लं."

शहापूरच्या खाजगी शाळेनं पुस्तकं शाळेतूनच विकायचं प्रकाशकाशी परस्पर ठरवून टाकलं, तेव्हापासून भैय्यालालकडं गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. दुकानात पडून राहिलेली पुस्तकं कोणी परत घेतली नाहीत. पुढं त्याच प्रकाशकाला हायवेवर गोदाम हवं झालं. भैय्यालालनं दुकान देऊन टाकलं. राखणीसाठी किल्ली त्याच्याकडंच राहिली. अट एकच होती: इथून एकही पुस्तक विकायचं नाही.

"माह्या पोराचे सारे पुस्तकं तुमच्याच इथून नेले होते," धुरपता म्हणाली. ती तक्रार नव्हती. ती पायरी उतरू लागली.

"थांबा, बाई."

त्यानं ब्लेडनं प्लास्टिक कापलं. पुस्तक काढून बाहीनं पुसलं, मागची किंमत पाहिली आणि पूर्वीच्या सवयीनं दहा टक्के कमी सांगितले. धुरपतानं पुस्तक पदराखाली धरलं आणि भरभर निघून गेली. भैय्यालाल बराच वेळ दारात उभा राहिला. आज त्याला दुकानात बसल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी प्रकाशकाचा माणूस, अतुल, गाडी घेऊन माल न्यायला आला. पूर्वी तोच याच दुकानात ऑर्डर घ्यायला यायचा आणि चहा घेतल्याशिवाय उठायचा नाही. फाटलेलं प्लास्टिक त्याला लगेच दिसलं.

"हे काय केलं काका?"

"एका बाईले एक पुस्तक पायजे होतं."

"तुटलेला सेट शाळा घेत नाही. हा तुमच्याच नावावर टाका लागन." अतुलनं आवाज खाली आणला. "परत असं झालं तं ऑफिस गोदाम लाखनीले नेईन. तुमी दुसऱ्या कोणाले सांगू नका, पण जागा पाहून ठेवली आहे तिथं. मंग माह्या हातात काही नाही."

भैय्यालालनं मान हलवली. घर आता दुकानाच्या भाड्यावरच चालत होतं. राहिलेली सात पुस्तकं काखेत मारून तो घरी गेला. ती कोणाला विकायची, हे त्यालाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं शटर वर करून तो आत झाडत होता. बाहेर बायकांचं बोलणं ऐकू आलं. त्यात धुरपताचा आवाज सगळ्यात पुढं होता.

"इथं भेटते वो सुटं. भाऊ देते."

तो वाकून पाहू लागला. चिखलानं भरलेले बरेच पाय पायरीकडं येत होते. कोणी चौथीचं गणित म्हणत होतं, कोणी सातवीचं हिंदी.

भैय्यालालनं हात वर केला आणि शटर हळूच खाली ओढलं. आत अंधार झाला. दोन्ही बाजूंनी सेट होते, मधे एक माणूस उभा राहील एवढीच जागा.

"भाऊ, आत आहा का?" धुरपतानं शटरवर हात मारला.

त्यानं झाडू सेटला टेकवून ठेवला.

"आहो," तो म्हणाला. पण शटर त्यानं उचललं नाही.