दुपट्ट्याखालचा भाव

गोमाजीच्या विलायतेतल्या जावयाला साकोलीतलं एक बंद घर घ्यायचं होतं. मागच्या खेपेस ते कितीला विकलं, एवढं विचारून कळवा, म्हणाला होता.

गोमाजीनं त्या घराशेजारच्या यादोरावांना गाठलं.

"असा भाव तोंडानं नसते सांगत, भाऊ," यादोराव म्हणाले.

बैलबाजारात कापडाखाली बोटं दाबून भाव सांगतात, त्या रिवाजानं गोमाजीनं खांद्यावरचा दुपट्टा पुढे धरला, खाली हात घातला आणि नजर त्या बंद घराकडे वळवली. त्याची बोटं दाबली गेली. घराचा मालक आता मागत होता, तेवढाच भाव. त्याच्या जिवात जीव आला.

"बरं झालं सांगितलं. मले लय घोर लागला होता."

"थांबा न जरा, सांगतो."

गोमाजीनं वळून पाहिलं. यादोराव दोन्ही हातांनी तंबाखू मळत होते.

दुपट्ट्याखाली त्याची बोटं अजून कुणीतरी धरून होतं.