आमचा फॉर्म

साठच जागा असलेल्या सरकारी हायस्कूलची प्रवेशखिडकी सांभाळणाऱ्या बाईंचं एका गृहस्थांनी महिनाभर डोकं खाल्लं होतं.

"आमचा फॉर्म पोचला ना?"

"आमचा फोटो जरा पुसट आलाय, चालेल?"

"आम्हाला भूमिती जड जाते हो. पेपर कितपत अवघड असतो?"

शेवटी बाई वैतागल्या. "अहो, परीक्षेला बसणार कोण?"

"आम्हीच की," शेजारी उभ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवत ते म्हणाले.

आज निवड यादी लागली. खिडकीबाहेरच्या फळ्यावर त्यांनी ती वरून खाली दोनदा वाचली. नाव नव्हतं. चष्मा काढून ते लेकीकडे वळले.

"कुठे माती खाल्लीस तू?"