बुचांचा करंडा

बायनाबाईंनी करंडा नाकाशी नेला, आणि धनश्रीच्या हातातलं तिळगुळाचं ताट जागच्या जागी थांबलं.

"कसला गं वास यायलाय ह्येला?"

"नव्या प्लास्टिकला असतोय तसला," प्रियांका म्हणाली. ती समोरच्या घरातली, यंदाच लग्न होऊन आलेली. तिला आपला करंडा आवडला होता. पदरानं पुसून तिनं तो मांडीवर ठेवला होता. "नांदेडहून आणले असतील सिद्धम्माकाकूंनी. तिथं लय प्रकार मिळायलेत."

नुसतं 'हो' म्हटलं की सुटत होतं. सासूनं, सिद्धम्मांनी, सकाळी तेच बजावलं होतं, "कशाचे हायेत ते सांगत बसू नको." मग त्यांनी आपल्या हातानं एकेक करंडा कुंकवानं भरला होता. रिकामा करंडा वाण म्हणून देत नसतात, एवढंच म्हणाल्या होत्या. सासरे महालिंगअप्पा त्याहून रोखठोक बोलले होते. "आज हळदीकुंकवाला बाया हसल्या, की गोठ्यातलं तुझं ते यंत्र भंगारात. मला तिथं म्हैस बांधायचीय."

आता ते बाहेर ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. पान उलटल्याचा आवाज बऱ्याच वेळात आला नव्हता.

धनश्रीनं ताट खाली ठेवलं. पुन्हा उचललं. खोटं बोललं तर यंत्र वाचेल. पण मग त्यात घालायला ह्या बाया घरातली बुचं कशाला आणून देणार?

"बुचांचा हाय, काकू," ती म्हणाली. "तेलाच्या, शाम्पूच्या बाटल्यांची बुचं. गंगाखेडचा भंगारवाला बाटल्या नेतो आन् बारकं इथंच टाकून जातो. चाळणीतून गळून पडतंय म्हणतो. ते मी वितळवून दाबते. साचा मीच केलाय."

"कुठली बुचं?"

"गावातलीच. उकिरड्यावरची, नालीतली. लय धुते मी."

उकिरडा हा शब्द तोंडातून जायला नको होता. तो गेल्यावर तिला ते कळलं. प्रियांकानं करंडा मांडीवरून उचलून सतरंजीवर ठेवला.

"अगं बया! नालीतलं कुंकवाला?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघीतिघी खुसखुसल्या.

ओसरीवर पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

बायनाबाई हसल्या नव्हत्या. त्या करंडा उजेडात धरून फिरवून बघत होत्या. पांढऱ्यावर निळे ठिपके, आणि मधून एक तांबडी रेघ गेलेली. "फवारणीच्या बाटल्यांची बुचं न्हाईत ना ह्यात? कपाळाला लावायचं असतंय, बाई."

"न्हाई काकू. त्यांना मी हातच लावत न्हाई. बाकीचं बादलीत टाकून बघते. तरंगतंय तेवढंच वितळवते. बुडतंय ते बाजूला."

तिला अजून पुष्कळ सांगायचं होतं. पण बाया उठायला लागल्या होत्या. उठता उठता एकेक करंडा सतरंजीवर राहत होता, विसरल्यासारखा.

"ठेवा की," सिद्धम्मा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पण कुंकू भरल्यालं हाय. सांडून ठेवायचं का घेऊन जायचं, तुमचं तुमी बघा."

मग बायनाबाईंनी करंडा पदराखाली घेतला. "लय बेरकी हायेस, सिद्धम्मा." त्यांच्यामागे बाकीच्याही वाकल्या. प्रियांकानंही आपला उचलला, दोन बोटांनी.

बाया गेल्यावर धनश्रीला एका जागी बसवेना. करंडे गेले होते. पण ते करंडे म्हणून गेले, की आत कुंकू होतं म्हणून? तिनं सतरंजी गुंडाळली, नीट झाली नाही म्हणून पुन्हा सोडली. गोठ्यात गेली. यंत्राच्या गार दांड्याला हात लावून उभी राहिली. कोपऱ्यात बुडालेल्या वस्तूंचं पोतं होतं: फण्या, चाप, तुटक्या बांगड्या. ते महिन्यागणिक फुगत चाललं होतं. तिथूनही ती परत आली.

दिवेलागणीला ती दारात आली, तर ओसरीच्या कडेला एक करंडा होता. पांढऱ्यावर तांबडी रेघ.

"आला बघ माघारी," महालिंगअप्पा म्हणाले. "बायना ठेवून गेली. बोलली न्हाई काही."

धनश्रीनं त्याला हात लावला नाही. शेवटी अप्पांनीच तो उचलला. आत काहीतरी खुळखुळलं.

त्यांनी झाकण काढलं. कुंकू काढून घेतलं होतं, करंडा आतून लख्ख पुसला होता. त्यात पेस्टचं एक बूच होतं, डोळ्यांच्या औषधाचं एक, आणि केसांचा अर्धा तुटलेला काळा चाप.

"बायना कुणाचं भांडं रिकामं धाडीत न्हाई," सिद्धम्मा मागून म्हणाल्या. कौतुकानं म्हणाल्या की टोचून, ते धनश्रीला कळलं नाही.

अप्पांनी करंडा कानाशी धरून हलवला. मग पाय धुवायच्या बादलीवर वाकून तो पालथा केला. बुचं तरंगली. चाप सरळ तळाशी गेला. पाणी स्थिर झालं तरी ते वाकलेलेच होते.

"आन् बुडालेलं?" त्यांनी विचारलं. "त्याचं काय करतीस?"

"त्येच सुचंना झालंय, मामा."

अप्पांनी बाही वर सारली आणि बादलीच्या तळाशी हात घातला.