पाचातले दोन भाग

बालीतल्या आमच्या गावात पाटाचं पाणी आडव्या टाकलेल्या ओंडक्याच्या खाचांनी वाटतात; खाच जितकी रुंद, तितकं पाणी. रेंदाकाकांनी स्वतःच खाचा पाडल्या: निम्मं पाणी त्यांच्या वरच्या शेताला, एक तृतीयांश त्यांच्याच मधल्या शेताला. उरलेल्या एका खाचेवर खाली आमची भातरोपं पिवळी पडली. देवळातल्या पाणीसभेत मी भडकून उभीच राहिले.

“ओरडू नकोस गं चिमणे,” काका हसले. “अंश एक नि एक दोन, छेद दोन नि तीन पाच. पाचातले दोनच भाग घेतले मी. तीन तुम्हाला सोडलेत!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनंसुद्धा!

“बरं काका, मग अदलाबदल करू. तुमच्या दोन्ही खाचा आम्हाला, आमची तुम्हाला.”

“वेडी का गं! माझं भात वाळून जाईल!”

म्हणजे बेरीज त्यांना चांगली येत होती!